तोबाकाकांचं खातं

आमचा खलनायक बाण लागून मेला. मरायला हरकत नव्हती, पण त्याचं मरण मी दिवाळीच्या आसपास धरलं होतं आणि अजून गणपतीही यायचे होते.

मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा डीएम आहे. डीएम म्हणजे डंजन मास्टर. ही पदवी मी लग्नकार्यात कुणाला सांगत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ बाजारात आणला. त्याला पट नसला तरी चालतो आणि सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि उरलेलं अख्खं जग, म्हणजे राजा, राक्षस, खानावळवाली, पाऊस, खेचर, हे सगळं डीएमने एकट्याने वठवायचं. कुणाला काही धाडस सुचलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नाशकात रविवारी सकाळी मिसळ चापून आलेली चार सुशिक्षित माणसं माझ्या घरी जेवणवेळ टळेपर्यंत हेच करत बसतात. त्यातला सीए पॅलडिन होतो, म्हणजे धर्मयोद्धा. दातांची डॉक्टर चोर होते. रात्रपाळीवाला आयटीतला मित्र जादूगार होतो आणि कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाई देवाच्या कृपेने इतरांच्या जखमा भरतात.

तर मनोऱ्याच्या सज्जात माझा मांत्रिक उभा होता. प्रेतं उठवणारा, वहीभर पूर्वायुष्य असलेला. त्याचं भाषण मी लिहून काढलं होतं. तो दुसऱ्या वाक्यावर असताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी बाण मारते.” फासा गडगडला आणि वीसवर थांबला. नुसता वीस आला की घाव दुपटीने बसतो, त्यात चोराने बेसावध माणसावर केलेला वार असेल तर विचारूच नका. मांत्रिक भाषणासकट खाली गेला. टेबलावर जल्लोष झाला, चिवड्याची बशी उपडी झाली, आणि कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी हातातली उरलेली पानं उगाचच सारखी करत बसलो.

“तो खरा मांत्रिक नव्हताच, त्याचा तोतया होता” असं म्हणून वेळ मारून नेणारे डीएम आहेत. मला तो हलकटपणा वाटतो. फासा पडला की पडला. पण खलनायकाची जागा रिकामी झाली हे खरंच. बाहेरून नवा माणूस आणायचा तर त्याची ओळख करून द्या, त्याची दहशत बसवा, दोनचार गावं जाळा, एवढा वेळ कुणाकडे आहे? तेव्हा कुठल्याही जुन्या कचेरीत करतात तेच मी केलं. आतल्याच माणसाला, तोबाकाकांना, बढती दिली.

तोबाकाका मुळात केवळ वजनामुळे जन्माला आले होते. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत असा नियम आहे की तुमच्या ताकदीच्या आकड्याला पंधराने गुणायचं, तेवढे पौंड ओझं तुम्ही उचलू शकता. प्रत्येक दोरखंड, मशाल आणि हंडा यात मोजायचा. पहिल्याच सेशनला माझ्या लक्षात आलं की हा नियम पाळला तर आमचा खेळ म्हणजे एसटीच्या पार्सल विभागातली नोकरी होईल. म्हणून मी एक खेचर दिलं आणि खेचरामागे एक माणूस: टोबायस, हाफलिंग जमातीचा, तीन फूट उंचीचा, गुडघेदुखीवाला. दुसऱ्या रविवारी त्याचा तोबाकाका झाला. पार्टी, म्हणजे या चौघांची टोळी, भग्न देवळांत आणि थडग्यांत उतरायची, हाती लागेल ते वर आणायची आणि तोबाकाका ते खेचरावर लादून वहीत मांडायचे. यापलीकडे त्यांना काम नव्हतं.

रात्री मी सगळ्या सेशनच्या नोंदी पुढ्यात घेतल्या आणि एकच अट घातली: जुनं एकही वाक्य खोडायचं नाही, फक्त त्याचा अर्थ बदलायचा. मग काय, एकेक दिवा लागायला लागला. पार्टी कुठे जाणार हे दरवेळी आधी कुणाला ठाऊक असायचं? तोबाकाकांना. पाय न ठेवलेल्या विहिरीसाठी नेमक्या लांबीचा दोर कोण आणायचं? तोबाकाका. जुन्या राजाच्या राजमुद्रेचे तुकडे सापडले तेव्हा “तुम्ही गहाळ कराल, इकडे द्या” असं कोण म्हणालं होतं? ते वाक्य मी निव्वळ विनोद म्हणून टाकलं होतं. मला त्या माणसाची भीतीच वाटायला लागली.

पूर्वीच्या डीएम मंडळींना हे सोपं होतं. जुन्या नियमांत भाडोत्री माणसांच्या इमानाला चक्क आकडा असे. तीन फासे टाकून तो ठरवायचा, मालकाचा रुबाब आणि दिलेला पगार बघून कमीजास्त करायचा आणि आकडा खाली असला की माणूस पळाला किंवा उलटला. आता इमानाचा अंदाज टेबलावरच्या माणसांनी तोंड बघून करायचा असतो, आणि माझ्या टेबलावरची माणसं मराठी मालिकांवर वाढलेली आहेत. तिथे जी बाई जास्तीत जास्त प्रेमाने शिरा वाढते तिनेच त्यात काहीतरी कालवलेलं असतं. मी आजवर आणलेला प्रत्येक गोड माणूस या चौघांनी पाच मिनिटांत पकडला आहे. एका भल्या मठाधिपतीने नुसतं “बाळांनो” म्हटलं, तर त्याला खांबाला बांधून ठेवलं.

तोबाकाका वाचले ते त्यांच्या खडूसपणामुळे. ते सतत कुरकुरायचे. तेल किती जाळता, बाण परत वेचून आणत जा, जिवंत आलात ते बरं झालं पण घोंगडी कुठे हरवलीत. आपल्याकडे जो माणूस पैशांवरून ओरडतो त्याला आपण डोळे मिटून तिजोरीची किल्ली देतो. तो ओरडतो म्हणजे त्याला आपल्या पैशाची काळजी आहे, असा आपला हिशेब असतो. बढतीनंतर मी त्यांच्या स्वभावात एवढाच बदल केला की ते आणखी कटकटे झाले. चौघांचा त्यांच्यावरचा जीव दुप्पट झाला. प्राध्यापिकाबाईंनी स्वतःच्या वाट्यातून त्यांना गुडघ्याचं औषध आणून दिलं.

धोका फक्त जादूगाराचा होता. २००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट टू’ या कॉम्प्युटर गेममध्ये योशिमो नावाचा एक हसतमुख साथीदार असतो, जो मागाहून शत्रूचा माणूस निघतो. आमच्या आयटीवाल्याने तो शाळेत असताना खेळला, आणि तो घाव अजून भरलेला नाही. तेव्हापासून त्याला प्रत्येक कथेत एक योशिमो दिसतो. इथे त्याने तो शोधून काढला होता: खानावळीच्या तबेल्यातला पोऱ्या. हा पोऱ्या मी घोड्यांना दाणापाणी करायला ठेवला होता, त्याला नावही दिलं नव्हतं. जादूगार दर रविवारी त्याच्यावर पाळत ठेवायचा. मी अधूनमधून आडोशामागे विनाकारण फासे टाकायचो आणि “अच्छा” म्हणायचो. पाळत आणखी कडक व्हायची.

एकदा मात्र माझ्या तळहाताला घाम फुटला. पार्टीने गावच्या कोतवालाला कोंडीत पकडलं आणि प्राध्यापिकाबाईंनी ‘झोन ऑफ ट्रुथ’ हा मंत्र टाकला. पंधरा फूट त्रिज्येचं रिंगण, दहा मिनिटं टिकतं. आतला माणूस मंत्राच्या कचाट्यात सापडला की त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि सापडला की नाही हे मंत्र टाकणाऱ्याला कळतं. मी टेबलावरच्या नकाशाकडे पाहिलं. तोबाकाकांची सोंगटी, म्हणजे एक सुपारी, रिंगणाच्या बरोबर आत. मी त्यांच्या नावाने फासा टाकला. चार. सापडले. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. कोतवालाची उलटतपासणी झाली, तो बिचारा निर्दोषच होता. आणि मग डॉक्टरबाई निव्वळ मस्करीत म्हणाल्या, “काका, तुम्हीपण आत आहात की! बोला, आम्हाला कधी लुबाडलंत का?”

खोटं बोलता येत नव्हतं. गप्प राहता आलं असतं, पण गप्प बसणं म्हणजे कबुली. मी काकांचा घोगरा आवाज काढला. “तुमच्या वाट्याचं तांब्याचं एक नाणं जरी माझ्याकडे निघालं, तर हे खेचर तुमचं. आणि तो कंदील बारीक करा.” चौघं पोट धरून हसले. वाक्य शंभर टक्के खरं होतं. राजमुद्रेचे तुकडे त्यांच्या वाट्यात कधी धरलेलेच नव्हते.

ते खरं कसं, हे वहीत लिहिलेलं होतं, आणि वही त्यांच्यासमोरच पडलेली असायची. जस्टिन अलेक्झांडर नावाच्या लेखकाचा सल्ला डीएम लोक पाळतात: खेळणाऱ्यांनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल तर निदान तीन धागे ठेवा, कारण एक ते बघणार नाहीत आणि दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतील. दोराची लांबी हा पहिला. मेलेल्या मांत्रिकाच्या खिशात सापडलेलं निनावी पत्र हा दुसरा. मला ते अजून त्याच्या खिशातच राहिलेलं आहे म्हणता आलं, कारण घाईत कुणी खिसे तपासले नव्हते. त्यात कटकारस्थानाचा मजकूर होता आणि शेवटी एक ओळ होती: ‘उरलेली तीन नाणी परत पाठवणे.’ सगळे हसले. असं लिहिणारा त्या जगात एकच माणूस आहे, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि तिसरा धागा वही. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली, लाल कापडी बांधणीची खरीखुरी रोजकीर्द. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. मुद्रेचा प्रत्येक तुकडा ‘टोबायस यांचे खासगी खाते’ या मथळ्याखाली जमा, पुढे ‘राजीखुशीने बक्षीस दिले’ आणि त्याखाली पार्टीतर्फे सही. सही सीएची. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका म्हणून अशिलांवर डाफरणारा हा माणूस माझ्याकडे दर रविवारी न वाचता सही करायचा. “सुट्टीच्या दिवशी मी हिशेब बघत नाही.”

त्याने तो बघितला खेचराच्या वैरणीवरून. तोबाकाकांनी वैरणीचा चौथा हिस्सा मागितला, पॅलडिनला तो जास्त वाटला आणि त्याने वाद घालायला वही ओढली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग चष्मा लावला.

“अरे, हे बक्षीसपत्र आहे.”

“कशाचं?” जादूगार.

“या पाच तुकड्यांची मुद्रा ज्याच्याकडे, शहर त्याचं. असं त्या शिलालेखात होतं ना? आपण पाचही याला लिहून दिलेत. माझ्या सहीने.”

मांत्रिक जगाचा विनाश करणार होता तेव्हा हीच मंडळी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. आता शहराची सगळी जमीन तोबाकाकांच्या नावावर, सातबारा कोरा, कब्जा त्यांचा, म्हटल्यावर चौघं ताठ बसले. नाशिककराला भूत-पिशाच्च समजावून सांगावं लागतं, जमीन सांगावी लागत नाही. डॉक्टरबाईंनी औषधाचे पैसे परत मागण्याची भाषा केली. प्राध्यापिकाबाई तर “त्या दिवशी रिंगणात तो काय म्हणाला होता?” असं विचारून ते वाक्य शब्द न् शब्द आठवायला लागल्या आणि आठवल्यावर मला फक्त “शी!” म्हणाल्या. इतकी मोठी दाद मला नोकरीत कधी मिळालेली नाही.

शेवटची लढाई म्हणून मी जी आखली होती ती झालीच नाही. अख्खं सेशन फसवणुकीने घेतलेलं बक्षीसपत्र रद्द होतं का यावर गेलं, एकही फासा पडला नाही. शेवटी तोबाकाकांना बेड्या पडल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले की वैरणीचे राहिलेत. पॅलडिनने मोजून दिले आणि पावती घेतली, या वेळी वाचून. पुढच्या रविवारी वही कुणी लिहायची यावर मात्र वाद पेटला, तेव्हा तोबाकाकांना तुरुंगात डबा पोचवून हिशेब त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा, असा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.

विरोधातलं मत जादूगाराचं. काका पकडले गेले हे त्याला मान्य आहे, पण त्यांना बाहेरून कुणीतरी बातम्या पुरवत होतं असं त्याचं म्हणणं पडलं. त्या तबेल्यातल्या पोऱ्याचं नाव काय, हे त्याने मला तीनदा विचारलं. मी सांगितलं, अजून ठरवलेलं नाही. रात्री बसून ठरवलं.