समितीकाका

सांगली-मिरजेकडे हळद आणि भडंग यांच्याइतकाच मुबलक असणारा तिसरा जिन्नस म्हणजे सांस्कृतिक समितीचे सदस्य. समिती कुणाची, हे विचारू नये. ती कधी सरकारी असते, कधी निमसरकारी, कधी एखाद्या महोत्सवाची आणि कधी नुसतीच असते. पण प्रत्येक समितीच्या टेबलाशी, अध्यक्षांच्या उजव्या हाताला, खादीचं जाकीट घातलेले एक गृहस्थ हटकून बसलेले असतात. गावात त्यांना समितीकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव निमंत्रणपत्रिकांवर वाचून वाचून सगळ्यांना पाठ झालेलं आहे, तेव्हा ते इथे पुन्हा छापत नाही.

काका गात नाहीत, लिहीत नाहीत, वाजवत नाहीत. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात आपण पडद्यामागे होतो असं ते सांगतात. त्या नाटकाचा पडदा ओढणारे अजून हयात आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काका पडद्यामागेही नव्हते, पहिल्या रांगेत पासावर होते. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. प्रवाह कुठे अडवायचा आणि कधी किती सोडायचा, हे शिक्षण तिथलंच.

बैठक चारची असली की काका पावणेचारला हजर. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं, आणि कायम होण्याआधी त्यात आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते पाहायचं असतं. मग ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "अध्यक्ष महोदय, अठराशे त्रेचाळीस साली..."

विषय नाट्यगृहाच्या गळक्या छपराचा असो की स्वच्छतागृहातल्या नळाचा, काका आधी १८४३ला जाऊन येतात. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर 'सीता स्वयंवर' सादर केलं, म्हणून तो रंगभूमी दिन आणि सांगली ही नाट्यपंढरी. सांगलीच्या पोरांना हे बारशालाच कानात सांगून ठेवतात. तरी बातमी अजून शहरात नीट पोचलेली नाही, अशी काकांची समजूत आहे. एकदा एका तरुण प्राध्यापकाने हळूच म्हटलं, की तंजावरच्या भोसले राजांनी याच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच मराठीत नाटकं लिहिली होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तंजावर आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

मला नेहमी वाटतं, १८४३ साली काका नव्हते हे मराठी रंगभूमीचं नशीब. आप्पासाहेबांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि पदरी असलेल्या भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करून दाखवा. हुकूम एका वाक्याचा, आणि नाटक उभं राहिलं. आता मध्ये समिती घाला. प्रथम यक्षगानाच्या अभ्यासासाठी कारवारकडे दौरा, सहकुटुंब. परत आल्यावर शिवधनुष्यासाठी तीन दरपत्रकं. मग हिशेबनीस विचारणार, की ही वस्तू खरेदी करून लगेच मोडणार म्हणता, तर ती डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखित कुणाच्या सहीने करायची? दोन बैठका त्यावर. शेवटी रामाने धनुष्य नुसतं उचलावं, मोडू नये, असा मध्यममार्ग काकाच काढणार. जनकाच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसायचं हा मुद्दा पुढच्या बैठकीकडे, आणि सीता आजतागायत हातात माळ घेऊन ताटकळत.

या इतिहासाचं एक पुढचं पान आहे, ते काका भाषणात घेत नाहीत. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेतली, गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. अनुदान बंद पडलं म्हणून नाटक स्वतःच्या पायावर उभं राहिलं, असा त्याचा सरळ अर्थ. काकांना कुणी हे सुचवलं तर ते म्हणतात, "ते नंतरचं झालं हो." अनुदानाबद्दल वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही.

आणि का खपावं? समितीत फाइल वाचणारा माणूस तेवढा एकच असतो. आलेला निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर परत जातो, हे बाकीच्यांना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवतं, काकांना जानेवारीपासून झोप नसते. आपल्याकडे वसंतात संस्कृतीला जो बहर येतो त्याचं श्रेय कवी कोकिळेला देतात. प्रत्यक्षात ते लेखाशीर्षाचं आहे. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारीचा, ही त्या थोर कवीची समस्त समित्यांवर मोठीच कृपा. ते जूनमध्ये जन्मले असते तर मराठी भाषा गौरव दिनाला पैसे आणायचे कुठून? यात निवडणूक येऊन आचारसंहिता लागली की मात्र काका खचतात. फलक झाकले जातात, उद्घाटनं थांबतात, आणि नुसतंच गाणं करायची वेळ येते.

काकांची स्वतःची कला दिसते ती निमंत्रणपत्रिकेत. तिथे त्यांना तोड नाही. गावातल्या कोणत्याही माणसाला, तो कितीही किरकोळ असो, न दुखावता पत्रिकेवर बसवायची विद्या त्यांच्यापाशी आहे. 'शुभहस्ते' आणि 'अध्यक्षस्थानी' या जागा वरूनच भरून येतात. 'प्रमुख उपस्थिती' निवडून आलेल्यांना. 'विशेष उपस्थिती' पडलेल्यांना. 'सन्माननीय उपस्थिती' पुढच्या वेळी उभे राहणाऱ्यांना. ज्याला कुठेच बसवता येत नाही त्याच्यासाठी 'प्रेरणा' आहे. आणि तळाला, आखूड पण ठळक टायपात, 'संकल्पना' म्हणून काका. कशाची संकल्पना, ते कधी छापलेलं नसतं.

छापखान्यातला पोरगा एकदा कॉम्प्युटरवरून मान वर करून म्हणाला, "काका, गाणाऱ्या बाईंचं नाव राहिलंय."

"मागच्या बाजूला घे की."

"मागं प्रायोजक आहेत."

"मग त्यांच्याखाली घे."

"तिथं स्थळ आणि वेळ आहे."

काकांनी क्षणभर विचार केला. "अरे, बाई गाणारच आहेत. लोकांना कळेल की आपोआप."

तबलजी आणि पेटीवाल्यांची नावं हा प्रश्नच उद्भवत नाही. 'साथसंगत' एवढ्या एका शब्दात दोघं मावतात.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून कागदोपत्री एक शहर झालं आणि काकांच्या कामाला सूत्र मिळालं. नाटक सांगलीला, गाणं मिरजेला. कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा प्रायोजक शोधण्याचा मान त्यांचा. ही वाटणी सगळ्यांना मान्य आहे, फक्त एका ठिकाणी काकांची अडचण होते. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिलं पाऊल टाकलं ते १९०५ साली, मिरजेत. नाट्यपंढरीच्या माणसाने हे कबूल कसं करावं? काका भाषणात सांगतात, "सांगलीपासून अवघ्या दहा किलोमीटरवर." गावाचं नाव घेत नाहीत.

गाण्याची समिती असली तर वेगळीच तऱ्हा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ते गणपती आणि नवरात्रात संपतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही रात्र-रात्र जागवणं सोडावं लागलं, तिथे आमची काय कथा! तर कार्यक्रम सहाचा. पाहुणे सातला. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करायचे, मग काडेपेटी शोधायची, मग ती मेणबत्ती कुणी कुणाच्या हातात द्यायची. पहिली वात पाहुण्यांनी लावली की उरलेल्या चार वातींसाठी पंधरा हात पुढे होतात. स्वागत, प्रास्ताविक (त्यात १८४३), शाल-श्रीफळं, मनोगतं. गवईबुवा सात वाजल्यापासून विंगेत तानपुरे लावून बसलेले असतात आणि तानपुरे पुन्हा पुन्हा उतरत असतात. साडेआठला काका आत डोकावतात.

"बुवा, दहाच्या आत आटपूया हं. पोलीस उभेच आहेत. पण मालकंस झालाच पाहिजे, साहेबांना आवडतो."

"मालकंस? साहेब आहेत का?"

"साहेब मघाशीच गेले. पण त्यांना आवडतो."

मग मध्यरात्रीचा मालकंस पावणेनऊला सुरू होतो आणि दहाला पाच कमी असताना भैरवी. काकांना यात गैर वाटत नाही. राग वेळेवर संपला की झालं.

वारसा समितीतले काका त्या मानाने सौम्य असतात. वारसा फेरी काढायची ठरलं, तर मार्ग त्यांनी आखला तो खरोखर सुरेख होता: गणपती मंदिर, १९२९चा आयर्विन पूल, मग हरिपूर, जिथले गोविंद बल्लाळ देवल, 'शारदा' लिहिणारे, आणि जिथली जमिनीखालची हळदीची पेवं. तारीख मात्र ऑगस्टातली काढली. आता ऑगस्टात सांगलीकर आयर्विनकडे वारसा म्हणून पाहत नाही. पाणी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तो पुलावर वाचतो आणि घरी जाऊन गाद्या माळ्यावर टाकतो. काकांनी खात्यातल्या जुन्या ओळखीवर कोयनेचा विसर्ग विचारून घेतला आणि समितीला कळवलं, "पस्तीसच्या आत आहे, पत्रिका छापायला हरकत नाही." पत्रिका छापल्या. फेरी पुढे ढकलली. झाली तेव्हा काका पुलापर्यंत चालले आणि तिथून पुढे गाडीने, कारण हरिपुरात स्वागताला आधी पोचणं भाग होतं.

पण काकांवर माझा खरा राग आहे तो सतारीवरून. मिरजेत शिकलगारांची घरं पिढ्यान्पिढ्या सतारी-तानपुरे घडवतात. मूळचे हे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे लोक. राज्यं गेली, हत्यारांचं काम सरलं, तेव्हा तेच कसबी हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात. ते वाळवायचे, कापायचे, दांडी जोडायची, नक्षी कोरायची, आणि शेवटी जवारी काढायची. हे अखेरचं काम निव्वळ कानाचं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काकांनी तातडीची बैठक बोलावली आणि सत्कार ठरवला.

सत्काराला एक वयस्कर कारागीर आले. तीन तास बसले. शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली उतरताना काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, शाली चिक्कार झाल्या घरात. समितीनं एक जोडी तानपुरे घ्या की विकत. परवा तुमच्या कार्यक्रमात गाणाऱ्या पोरीनं मोबाइलवरचा तानपुरा लावला होता. मिरजेत!"

काका अवघडले नाहीत. अत्यंत अदबीने म्हणाले, "आपली भावना पोचली. पण खरेदी हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. सत्कार येतो."

यात लबाडी नव्हती, नियम तसाच आहे. शालींसाठी लेखाशीर्ष असतं, तानपुऱ्यासाठी नसतं. ते उघडायला कुणीतरी एक टिपण लिहायला हवं, आणि असलं टिपण लिहिता येणारा समितीतला एकमेव माणूस म्हणजे काका. त्यांनी ते लिहिलेलं नाही. काका म्हणजे गमतीचं पात्र, असं समजून सोडून देणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही.

काका एकदा मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला जाऊन आले. ख्वाजा मीरासाहेबांच्या या दर्ग्यात गायक-वादक हजेरी लावतात. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथेच आहे. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे कलावंत गाऊन गेले आहेत, आणि सेवा म्हणून गायचं तर मानधनाची गोष्ट कुणी काढत नाही. काकांनी परत येऊन समितीला तोंडी अहवाल दिला. व्यासपीठाची उंची अपुरी. निवेदक कमी बोलतो. प्रमुख पाहुणे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सत्कार झाला तोही दोन मिनिटांत. इतकी गैरसोय असूनही लोक रात्री उशिरापर्यंत उठत नाहीत, याचं त्यांना नवल वाटलं. इतकी वर्षं चाललेल्या या उपक्रमाला योग्य दिशा देण्यासाठी एक समिती नेमावी, अशी सूचना त्यांनी मांडली. अनुमोदनही मिळालं.

ती सूचना कोरमअभावी अजून मंजूर झालेली नाही. तोवर एकदा मिरजेचा उरूस ऐकून घ्या. जरा लवकर जा, पुढे जागा मिळते. पास लागत नाही.