सर्व्हरवाले काका

सर्व्हरवाले काका गाणं ऐकत नाहीत, गाणं पुरवतात. हॉलमधल्या टीव्हीला, बेडरूममधल्या लॅपटॉपला, स्वयंपाकघरातल्या टॅबला आणि गॅलरीत तुळशीशेजारी ठेवलेल्या स्पीकरला. घरात माणसं दोन आणि गाणं पोचेल अशा जागा सात. ‘कुठेही बसा, तिथे लायब्ररी हजर,’ असं ते सांगतात. काकू मात्र बसत नाहीत, त्यांना कामं असतात.

कोथरूड, डोंबिवली, नाशिक, गाव कुठलंही घ्या, हे गृहस्थ तिथे सापडतातच. बँकेतून निवृत्त, डोळ्याला चष्मा, खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर. माळ्यावर पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या. तिथे आता दोन हार्ड डिस्कचा एक काळा डबा गुरगुरत असतो. दोन्ही डिस्कांवर तेच गाणं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. या दोन्हींचा बॅकअप तिसऱ्या डिस्कवर, आणि ती गोदरेजच्या कपाटात, काकूंच्या पाटल्यांशेजारी. माळ्यावरून निघालेली निळी केबल देवघराच्या वरून वळसा घेत राउटरपर्यंत जाते. गणपतीच्या सजावटीत तिच्यावर झेंडूची माळ चढते, एरवी ती तशीच दिसते.

काकांना हा नाद आजचा नाही. विंडोज ९८ च्या काळात त्यांनी घरातले दोन कॉम्प्युटर एका वायरीने जोडले, ‘गाणी’ नावाचं फोल्डर शेअर केलं आणि पलीकडच्या खोलीत विनॅम्पवर गाणं वाजवून दाखवलं. त्या दिवशी घरात श्रीखंड झालं होतं म्हणे. पुढे एप्रिल २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्सने एका मशीनवरची गाणी दुसऱ्या मशीनवर ऐकायची सोय दिली. लोकांनी ती इंटरनेटवरून जगभर वापरायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याभरातच कंपनीने ती घरच्या नेटवर्कपुरती आवळली. हा इतिहास काका पानिपतासारखा सांगतात. शेवटी आवाज जरा जड होतो.

एमपीथ्री म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. सगळं कसं फ्लॅकमध्ये हवं, मूळ आवाजातला एक बिटही गळता कामा नये. त्यासाठी त्यांनी १९८० च्या दशकातल्या कॅसेटीसुद्धा फ्लॅक केल्या. त्या कॅसेटींची खरखर आता तसूभरही न गळता जपली गेली आहे.

पण खरी साधना टॅगिंगची. भावगीताच्या फाइलीत ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात कोण? गायक, संगीतकार की कवी? ख्यालाला ‘अल्बम’ कुठला? राग कुठे लिहायचा? सॉफ्टवेअरच्या मते हे सगळं ‘वर्ल्ड म्युझिक’, म्हणजे आपण सोडून बाकीच्यांचं जग. त्यात देवनागरीची हौस. एमपीथ्रीच्या सगळ्यात जुन्या टॅगमध्ये नावाला जागा ३० बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरी यूटीएफ-८ मध्ये लिहिली, तर प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला वेगळे तीन बाइट लागतात. जुन्या संग्रहातल्या फाइलींवर एका सॉफ्टवेअरने हा प्रयोग केला आणि सकाळी पडद्यावर नवेच कलावंत हजर: मल्लिकार्ज, किशोरी आमो, कुमार गंधर आणि भीमसेन जोश. शेवटचं नाव काकांना इतकं पटलं की ते दुरुस्त करायला त्यांनी आठवडा लावला.

गीतरामायणाची कथा याहून भारी. गदिमा आणि बाबूजींनी १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू केलेली ही छप्पन्न गीतं काकांनी क्रमाने नंबर घालून चढवली. फक्त एक अंकी आकड्यांआधी शून्य टाकायचं राहिलं. कॉम्प्युटर अक्षरांच्या हिशोबाने चालतो, म्हणून एकनंतर दहा, मग अकरा, बारा. सहाचा नंबर लागला तो थेट छप्पन्ननंतर! रामनवमीला शेजारीपाजारी पंजिरीचं ताट घेऊन बसलेले, आणि हॉलमध्ये सीतेचं स्वयंवर झालं, वनवास झाला, रावण पडला, राज्याभिषेक झाला, सीता वनात गेली, लवकुशांनी गायला सुरुवातही केली; तरी रामाचा जन्म बाकी. दुपारचे बारा केव्हाच टळून गेले होते. पाळण्याची दोरी हातात धरून बसलेल्या काकू शेवटी म्हणाल्या, ‘अहो, मीच म्हणते.’ आणि त्यांनी म्हटलं. छान म्हटलं.

पाहुणा आला की प्रात्यक्षिक. ‘काय ऐकणार?’ असं विचारलं जातं, पण उत्तर द्यायची घाई करू नये. तीस सेकंद मारवा वाजतो, लगेच ‘आता आत या, तिथेही तोच चालू आहे बघा!’ प्रत्येक स्पीकर आपापल्या सवडीने गाणं साठवून वाजवतो, त्यामुळे हॉल आणि बेडरूममध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर. पॅसेजमध्ये उभं राहिलं की बुवा समेवर दोनदा येतात. चहा मात्र एकदाच येतो आणि तोवर मारवा संपून राउटरच्या सेटिंगचा पत्ता सुरू झालेला असतो.

मुलगा न्यू जर्सीत. त्याच्यासाठी काकांनी पुण्याहून तिथपर्यंत सुरक्षित वाट काढून दिली आहे, पासवर्ड बावीस अक्षरी. तो पैसे भरून एका ॲपवर गाणी ऐकतो. काकू स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर लावतात.

आता टिंगल पुरे, कारण या माणसाकडे जे आहे ते त्या ॲपवर नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली खासगी मैफल, स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून इथवर आलेली. मध्येच कुणी खोकतं, कुणी ‘क्या बात है’ म्हणतं, तंबोरा पुन्हा लावला जातो. असली ध्वनिमुद्रणं कुठल्याच कंपनीने काढली नाहीत. काकांसारख्यांनी खटपट केली म्हणूनच ती टिकली आहेत, आणि त्यांच्या सगळ्या केबली मला एवढ्यासाठी माफ आहेत.

मात्र पेनड्राइव्ह घेऊन जाऊ नका. घरभर वाटलेलं गाणं उंबरठ्याबाहेर जात नाही. ‘इथे या आणि ऐका’ हा नियम आहे. जाल तेव्हा फोन करून जा आणि गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी त्या दिवशी आमच्याकडची वीज जाते.