आधी सातबारा, मग साइट व्हिजिट

पहिल्यांदाच जागेत पैसे घालायला निघालेला माणूस आधी भाव विचारतो. भावाचा नंबर बराच नंतर लागतो. आधी विचारायचं ते हे : विकणाऱ्याला ही जागा विकायचा अधिकार आहे का?

मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड. रविवारी गाड्या भरून लोक प्लॉट बघायला जातात. कमान उभी असते, चुन्याची आखणी असते, जेवण असतं आणि संध्याकाळपर्यंत टोकन दिलं तर गुंठ्यामागे सवलत असते. त्या दिवशी टोकन द्यायचं नाही. सोमवारपर्यंत न थांबणारा सौदा सोडून द्यायचा.

सोमवारी गट नंबर घेऊन सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो. नुसतं नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका. भूधारणा पद्धत बघा. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर साधारणपणे सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना शब्दन्‌शब्द वाचा. कुळाचं नाव, बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, बहिणींचा हक्क तिथे सापडतो. मग फेरफार काढा. वारसनोंदीत एखादी बहीण गाळली असेल, तर ती किंवा तिची मुलं उद्या दिवाणी न्यायालयात उभी राहतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकी पक्की करायला जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं लागतात. म्हणून वकील आपला लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. मोजणीची ‘क’ प्रत मागा. रस्ता कुणाच्या गटातून येतो ते नकाशावर बघा. तो दुसऱ्याच्या गटातून येत असेल, तर वापराचा हक्क कागदावर हवा.

तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘एनए (बिगरशेती) होऊन जाईल’ या बोलण्यावर एक रुपयाही देऊ नका, बिगरशेतीचा अधिकृत कागद हातात घ्या. नोटरी केलेला कागद आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. खरेदीखत नोंदवलेलंच हवं. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. अशा प्रकल्पात करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे.

आता फ्लॅट. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असं सांगणाऱ्याला कागद-पेन द्या. ६० लाखांचा फ्लॅट महिना १५ हजार भाड्याने गेला, तर वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे ३ टक्के. त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स आणि भाडेकरू नसलेले महिने वजा करा. ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ३९ हजार. उरलेले २४ हजार दर महिन्याला पगारातून जाणार. ते झेपत असतील तरच पुढे जा. नोकरी सुटली तर भरता यावेत म्हणून सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवलेले हवेत.

खरेदीचा खर्चही आधीच धरा. पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, वर ३० हजार नोंदणी फी. ६० लाखांवर हे साडेचार लाख होतात. महिलेच्या नावावर घर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटीही लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तो लागत नाही. त्या साडेचार लाखांमुळेच भाव साडेसात टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यात असता. वर्षभरात विकून मोकळं होऊ, या बेतात नवख्या माणसाने पडू नये.

हे कळकळीने सांगण्याचं कारण एकच. मोठ्या गुंतवणूकदाराचा एक सौदा फसला तर बाकीचे त्याला सावरतात. नवख्याच्या पहिल्या सौद्यात वडिलांचा फंड आणि आईचं सोनं असतं. ते अडकलं की मुलांचं शिक्षण आणि घरातलं आजारपण दोन्ही उधारीवर येतं.

वकील, शोध अहवाल आणि मोजणी यांवर खर्च होईल. पाहिलेले बरेच सौदे त्यानंतर सोडावेही लागतील. तो खर्च न कुरकुरता करा. आणि कागद दाखवायला खळखळ करणाऱ्याशी दुसऱ्यांदा बोलू नका.