रेसवाले तात्या

केडगाव स्टेशनात उतरून ‘रेसवाले तात्या’ कुठं राहतात असं विचारा. माणूस आधी हसेल, मग रस्ता दाखवेल. तात्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि उसाचं बिल गाडीला.

गाडी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमननं १९५७ साली काढलेली. दार नाही, टप नाही, पुढची चाकं अंगाबाहेर, वजन पाचेकशे किलो. १९७३ साली केटरहॅमनं तिचे हक्क घेतले, ते अजून तीच बनवतात. आपल्या अलिबागच्या चिंकारा मोटर्सनंही त्याच घाटाची गाडी काढली, अँबॅसिडरमधलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवून. हे कळलं आणि तात्यांची झोप उडाली. अलिबागला जमतं, मग केडगावला काय धाड भरलीय?

उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं चासी जोडली. बॉडी फायबरची. इंजिन भंगारातल्या ओम्नीचं. मारुती ८०० चं का नाही, असं चुकूनही विचारू नका. इंजिन दोन्हींत ७९६ सीसीचंच, पण आठशेची पुढची चाकं ओढतात, ओम्नीची मागची ढकलतात. “सेव्हन मागच्याच चाकांवर पळायला पाहिजे,” तात्या बजावतात. “आपल्याला खोटं काम चालत नाही.”

भाच्यानं एकदा विचारलं, “मामा, पण ही डुप्लिकेटच ना?”

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “जग्वारनं १९६३ साली हलक्या ई-टाइपसाठी अठरा नंबर राखले. गाड्या झाल्या बारा. उरलेल्या सहा नंबरांवर २०१४ साली नव्या गाड्या बनवायला घेतल्या. पन्नास वर्षांनी! त्या ओरिजिनल, आन् माझी डुप्लिकेट?”

भाच्यानं मान खाली घातली. सहा गाड्या ज्या कंपनीनं केल्या, तिनंच आधीच्या बाराही केल्या होत्या, हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलला नसता. मामाच्या घरी जेवायचं होतं.

गावाचे प्रश्न वेगळेच. ॲव्हरेज किती? डिकी कुठंय? कांद्याच्या पिशव्या किती बसतील? काकूंनी तेवढा मुद्द्याचा विचारला: “पाऊस आला तर?”

“इंग्लंडात काय कमी पाऊस पडतो?” तात्या म्हणाले. त्या रात्री पाऊस आला आणि गाडीवर कांद्याची ताडपत्री पडली.

खरी अडचण आरटीओची. कंपनीनं दिलेल्या गाडीचं रूपच पालटायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसी बुकात ती अजून ओम्नीच आहे, सरकत्या दारांची. म्हणून चौफुल्याचा हायवे इतका जवळ असून तात्यांची रेस स्वतःच्या शेतातल्या गाडीवाटेवरच होते, विहिरीपासून गोठ्यापर्यंत. पहिले तेच येतात.

तोडणीच्या हंगामात त्या बाजूला ट्रॅक्टर घालणार असाल, तर वळणावर हॉर्न वाजवा. गाडी तुमच्या मागच्या टायरपेक्षा बुटकी आहे.