बिनआवाजी पंखा

बिनआवाजी पंखा हवा आहे, असं वऱ्हाडात कुणाला सांगितलं तर समोरचा आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. उन्हाळ्यात इकडचा पत्र्याचा कूलर असा चालतो, की आपण घरी आहोत हे चार घरांपलीकडे आपोआप कळतं. तो थांबतो, आणि पावसाळा सरतो न सरतो तोच सोयाबीनच्या मळणीला हडंबे लागतात. अशा आमच्या केनवडात, रिसोड तालुक्यात, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला पंखा बदलून कमी आवाजाचा बसवायचं माझ्या मनानं घेतलं.

पंखा घरघरत होता हे खरं. एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि आतल्या मंडळींना १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाट्या वाढतो. या वाढपात थोडी वीज उष्णता होऊन सांडते, ती बाहेर काढायला पंखा. स्वस्तातला पंखा साध्या बुशवर फिरतो. तेल सुकलं की बुश झिजतो, आणि आमच्याकडे त्याला कुटाराच्या धुळीचा खुराक वरून मिळतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझा पंखा कायद्यात बसत असावा. कानात बसत नव्हता. वरातीतला डीजे दोन्हीत बसत नाही, पण तो चार स्क्रू काढून बदलता येत नाही.

रिपेअरिंगवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, पंखा कायले बदलता? नवा एसएमपीएसच घ्या ना." हिशेबानं त्याचंच बरोबर होतं. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे तपकिरी-बदामी पंखे शांततेसाठी जगभर नावाजलेले आहेत, पण त्यातल्या एका चांगल्या पंख्याच्या किमतीत आख्खा साधा एसएमपीएस येतो, वर चहापाणी होतं. मी मधल्या भावाचा पंखा धरला. हौस म्हणजे हौस. तिला हिशेब दाखवायचा नसतो.

मग त्यानं एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली. एसएमपीएसच्या डब्यातला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि पिन काढल्यावरही काही वेळ ती वीज धरून बसतो. वीज मंडळाची वीज जाते तेव्हा पूर्ण जाते. ही जात नाही. म्हणून डबा उघडण्याचं काम मी त्याच्याकडे दिलं आणि स्टुलावर बसून सल्ले देण्याचं माझ्याकडे ठेवलं. आई मागून म्हणाली, "कायले खोलून राह्यले बाप्पा? फिरते ना तो पंखा!"

खरी मेख गतीत आहे. पंख्याची गती निम्मी केली तर आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, पण हवाही निम्मीच उरते. असे शांत पंखे ज्या देशांत पसंत होतात तिथल्या खोलीत २० अंश असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे रेंगाळतो, आणि पंखा कितीही गुणी असला तरी खोलीतलीच हवा फिरवणार. शिवाय काही मंद पंखे कमी व्होल्टवर सुरूच होत नाहीत. ते अगदी शांत असतात. एसएमपीएसही मग थोड्याच वेळात कायमचा शांत होतो. म्हणून रिपेअरिंगवाल्यानं जाळीसमोर कागदाची पट्टी धरली. ती फडफडली तेव्हाच त्यानं पैसे मागितले.

तीन वायरींपैकी लाल-काळी जोडली होती. पिवळी नुसती वेगाची बातमी सांगते आणि जुन्या एसएमपीएसला बातम्यांत रस नव्हता. घरघर खरंच गेली. ती गेल्यावर पहिल्यांदा हार्डडिस्कची कुरकुर ऐकू आली. ती एसएसडी टाकून घालवली, तर प्रोसेसरवरचा छोटा पंखा शिट्टी वाजवतो असं लक्षात आलं. त्याची धूळ झाडली, तर छताच्या पंख्याची टक्टक् सुरू झाली, म्हणजे ती होतीच, आता तिला सभेत बोलायची संधी मिळाली. मोठा आवाज लहान आवाजांना झाकतो, असं ध्वनिशास्त्र सांगतं. ग्रामपंचायतीच्या बैठकीला बसलेल्या माणसाला हे शास्त्र वेगळं शिकावं लागत नाही.

तरी मी खूश होतो. रात्री लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत होतो, पाणी प्यायला उठलो, परत येतो तर स्क्रीन काळी. मजकूर सेव्ह केलेला नव्हता. नवरदेवाच्या सगळ्या काकांची नावं मानाच्या क्रमानं पुन्हा बसवायची होती.

"काईच आवाज नाई," आई म्हणाली. "मले वाटलं बंद हाये, म्हून बटन बंद केलं. लाईटबिल काय कमी येते?"

आता मी बोर्डावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'कॉम्प्युटर चालू आहे.' आईनं ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "मंग बंद असते तवा काढून ठेवतं का?"