सोवळ्यातली फरशी

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडला साधा कोबा होता. लेथचं वजन, कटिंग ऑइल, बुरादा, सांडलेला चहा, सगळं त्याने वर्षानुवर्षं मुकाट्याने पचवलं. मग एका गाड्यांच्या कंपनीचं ऑडिट ठरलं आणि आमच्या शेठना इपॉक्सीची स्वप्नं पडू लागली.

"रंगच मारायचा ना? दोन दिवसांत उरकून टाका," शेठ म्हणाले. ठेकेदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. रंग कुठेही बसतो, पण इपॉक्सीला जमीन कोरडी लागते, स्वच्छ लागते, शिवाय खरखरीतही लागते. नव्या काँक्रीटला तर ती 28 दिवस हातसुद्धा लावू देत नाही. ठेकेदाराने प्लास्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून जमिनीला लावला. उद्यापर्यंत आतून दव धरलं तर काम बंद, असं बजावलं.

"अहो, इथे ओल कुठली?" शेठ दुखावले. "पत्रे गळतात ते फक्त पावसात!"

दव धरलं नाही. मग डिग्रीझर आणि डायमंड ग्राइंडर घेऊन कोबा खरवडायला घेतला. त्याच्या पोटातून इतकं तेल निघालं, की स्टोअरच्या हिशेबातली जुनी तूट कुठे गेली याचा मला उलगडा झाला. प्रायमर झाला, भेगा भरल्या आणि मुख्य दिवस उजाडला.

रेझिन एका डब्यात, हार्डनर दुसऱ्यात. वेगवेगळे असेपर्यंत दोघंही गरीब गायी. ठरलेल्या मापात एकत्र घोटले, की घड्याळ सुरू. मे महिन्यात 20 मिनिटंसुद्धा मिळतील की नाही, सांगता येत नाही. जमिनीवर पातळ पसरलं तर उष्णता निघून जाते, पण बादलीत कोंडली की माल स्वतःच्याच रागाने तापतो. नेमका तेव्हा मिक्सिंगवरच्या पोराला बायकोचा फोन आला. "हो, कोथिंबीर आणतो" इथवर संवाद पोचेपर्यंत बादलीतून धूर निघत होता. चांगला महागाचा माल दगड झाला, पण दुसरी बादली वेळेत ओतली. मग खिळ्यांचे बूट घातलेले दोघं त्या ओल्या, तुळतुळीत तळ्यात उतरले आणि काट्यांचा रोलर फिरवून बुडबुडे फोडू लागले. जाडी जेमतेम 3 मिमी, पण रुबाब असा की बघणाऱ्यांनी श्वासही जपून घेतला.

त्यानंतर मात्र फरशी सोवळ्यात गेली. माझी आजी ओलेत्याने देवघराकडे निघाली, की आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी राहायचो, तशी अख्खी कंपनी दोरीबाहेर. चालायचं तर 24 तासांनी, फोर्कलिफ्ट 7 दिवसांनी. पाणी? अजिबात नाही.

आपल्याकडे 'आत येऊ नये' ही पाटी कोणी स्वतःसाठी समजत नाही. डिस्पॅचवाल्याला फक्त एकच खोका हवा होता. अकाउंट्सच्या बाई चप्पल काढून यायला तयार होत्या. आणि पलीकडच्या भिंतीवर विश्वकर्म्याचा फोटो! वॉचमनकाकांनी कधी एक दिवा चुकवला नव्हता. शेवटी त्यांनी लांब बांबूच्या टोकाला उदबत्ती बांधली आणि दोरीबाहेरूनच ओवाळली. राख पडताच ठेकेदाराने जी किंकाळी फोडली, ती शेजारच्या फोर्जिंगवाल्यांनाही ऐकू गेली म्हणतात.

ऑडिटर आले. फरशीत स्वतःचा चेहरा दिसतो म्हटल्यावर टाय सारखा केला, खूश झाले. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाले, "फ्लोअर उत्तम. पण चालायच्या वाटेला पिवळे पट्टे कुठे आहेत?"

शेठ ठेकेदाराकडे वळले. "मारून टाका आजच."

"मारतो की," ठेकेदार म्हणाला, "पण एवढ्या चकाकीवर पट्टा धरणार नाही. आधी काचकागदाने घासून ती घालवावी लागेल."

शेठनी तिथेच खुर्ची मागवली. वॉचमनकाका खुर्ची घेऊन आले, आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो, "काका, ओढत नको, उचलून!"