स्पेलिंगकाका

महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाडीत एक फार्महाउस आहे, ही बातमी मला स्पेलिंगकाकांनी दिली. कर्जतकडच्या प्लॉटची स्कीम असणार म्हणून मी काढता पाय घेत होतो, तेवढ्यात त्यांनी पार्किंगमधल्या स्कूटरच्या नंबर प्लेटवर बोट ठेवलं. “एम, एच. आता कर फार्महाउसचं स्पेलिंग. एफ, ए, आर, एम, एच... आले की नाही शेजारीशेजारी?”

असा एक काका बहुतेक सोसायट्यांत सापडतो. नोकरीतून निवृत्त, इंग्रजी तर्खडकरांवर पोसलेलं आणि दुपारची झोप डॉक्टरांनी बंद केलेली. इतर लोक नंबर प्लेटवरचे आकडे बघतात. ४१४१ला पिळून ‘दादा’ काढतात, ८०५५ मधून ‘बॉस’. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली तेव्हा हे दादालोक हळहळले. काका मात्र खूश. अक्षरं एकदाची सगळीकडे सारख्या वळणाची झाली!

खेळाचे नियम काकांनीच केलेले आणि निकालही काकाच देणार. प्लेटवरची दोन अक्षरं त्याच क्रमाने, चिकटून यायला हवीत. शब्द जितका लांब तितका मान मोठा. पण मागे ‘नेस’ किंवा ‘आयएनजी’चं शेपूट लावून लांबवलेला शब्द म्हणजे मापात पाप. समोरच्याने लावलं तर. स्वतः लावलं की तो ‘मान्य प्रयोग’ असतो.

आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो, या माणसाकडे एक खरी विद्या आहे. एम आणि एच इंग्रजीत सहसा एका दमात उच्चारले जात नाहीत. मग ते भेटतात कुठे? दोन शब्द जोडले की त्यांच्या सांध्यावर. फार्म अधिक हाउस. दिल्लीचं डीएल बघा: डेड अधिक लॉक. गुजरातचं जीजे: लॉग अधिक जॅम. अवघड जोडी दिसली की काका शब्द शोधतच नाहीत, सांधा शोधतात. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये बीएच मालिका काढली, तेव्हा दुप्पट बोनस हातात पडावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता. चहा निवायच्या आत उत्तर आलं: क्लबहाउस.

त्यांच्याबरोबर एक्स्प्रेसवेने पुण्याला जाणं ही शिक्षा आहे. ड्रायव्हरलाही सूट नाही. घाटात गाड्या खोळंबल्या की बाकीचे घड्याळ बघतात, काका पीक बघतात. गोव्याच्या जीएवर त्यांनी ‘एक्स्ट्राव्हॅगान्झा’ टाकला, बारा अक्षरी, आणि खिडकीतून त्या अनोळखी गाडीवाल्याकडे बघून हात हलवला. त्यानेही हलवला, बिचाऱ्याने. केरळच्या केएलवर ‘स्प्रिंकलर’. मग पुढे तमिळनाडूचा कंटेनर आला, टीएन. काका ओठ हलवत बसले. मागच्या सीटवर काकू डोळे मिटून होत्या. त्या तशाच म्हणाल्या, “चटणी. सी, एच, यू, टी, एन, ई, वाय.”

“सातच अक्षरं,” काका म्हणाले, पण आवाजात कळ होती. लोणावळा येईपर्यंत त्यांना चैन पडली नाही. “पार्टनरशिप! अकरा!”

“असं का?” काकूंनी डोळे उघडले. “मग घरी गेल्यावर मेथी निवडायला बसा.”

काकांना अर्थाशी कर्तव्य नसतं, तिथेच गोम आहे. मध्यंतरी त्यांच्या अंगाला खाज सुटली, डॉक्टरांनी गोळी दिली. काका पट्टी घेऊन माझ्याकडे धावत आले. मला वाटलं, रिॲक्शन आली. तर पट्टीवर औषधाचं नाव होतं हायड्रॉक्झिझीन, आणि त्याच्या स्पेलिंगच्या ऐन मध्यावर एक्स, वाय, झेड ओळीने उभे! एका हाताने पट्टी माझ्या नाकासमोर धरून दुसऱ्या हाताने ते कोपर खाजवत होते. “गोळी घेतलीत का?” मी विचारलं. “घेतो रे! आधी मोज, अकरा अक्षरं आहेत.”

लांबलचक शब्द एवढे जमवले, पण गॅसवाल्याशी फोनवर इंग्रजी बोलायची वेळ आली की फोन काकूंकडे जातो. यावर कुणी बोट ठेवलंच, तर काका नायजेल रिचर्ड्सचं नाव काढतात. या न्यूझीलंडच्या गड्याने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. “शब्द माहीत असणं वेगळं आणि भाषा येणं वेगळं,” काका ठणकावतात. मुद्दा बिनतोड आहे. रिचर्ड्स जिंकला आणि काकांची मजल चटणीपाशी अडते, एवढाच काय तो फरक.

सध्या मात्र काका अडलेत. समोरच्या बांधकामावर छत्तीसगडचा ट्रक येतो, सीजी. सी आणि जी चिकटून असलेला, रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द त्यांना मिळत नाही. सांधाही सापडत नाही. विशेषनामं चालत नाहीत, संक्षेप तर नाहीच, त्यामुळे ईसीजी आधीच बाद झालाय. तो त्यांचा स्वतःचा निघेल, असं काकू म्हणतात. तुम्हाला असा शब्द ठाऊक असेल तर कृपा करून कळवा. सहा अक्षरी असला तरी चालेल. काकांना मी समजावतो.